गुऱ्हाळातल्या नावा

मंगळवार, संध्याकाळ

आज जागा मिळाली. तरी जेवण गोड लागलं नाही.

आमच्या रोइंग क्लबच्या चार नावा वर्षातले आठ महिने अण्णांच्या गुऱ्हाळात असतात. दिवाळीला गूळ सुरू झाला की त्या बाहेर काढायच्या आणि कुणाच्या तरी दारात ताडपत्रीखाली ठेवायच्या. सात वर्षं हेच चाललंय. नावांना गुळाचा वास आणि मुंग्या कायमच्या. आधी मुंग्या झाडायच्या, मगच वल्ही हातात घ्यायची.

आजही सवयीनं नावा हलवायला टेम्पो घेऊन गेलो. अण्णा चुलवाणाच्या कट्ट्यावर बसले होते.

"टेम्पो कशाला आणलासा? ऱ्हाऊ द्या की हितंच. कायमच्या."

"आणि गूळ?"

"ऊस कारखान्याला घालतोय यंदापासनं. गूळ रांधणारा गुळव्या गावंना झालाय. काहील इकली परवा. तुमच्या नावांसाठी सगळं धुऊन घेतलंय."

रस उकळायची ती भली मोठी काहील. तिच्या जागी आता चुलवाणाचा नुसता काळा खड्डा. आत शिरताना मला तो दिसलाच नाही. मी नावा मोजत होतो.

कायमच्या जागेसाठी किती जणांचे उंबरे झिजवले आम्ही! म्हणूनच असेल, तोंडातून निघून गेलं, "बरं झालं." अण्णांसमोर. असं कसं बोललो मी? त्यांनी गुऱ्हाळाची किल्ली हातात दिली.

निघताना सवयीनं एक नाव झाडली. एकही मुंगी निघाली नाही.