बाबांचा बारमाही रमजान

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०.
घरात वास येतोय. आज लिहूनच ठेवतो, कारण बोलून उपयोग होत नाही. कुजलेला, गोडूस, नाकात बसला की उठत नाही असा वास. तीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे पंचनामे केले, त्यामुळे उगम शोधायला पाच मिनिटं लागली. उगम बाबांचं तोंड.

बाबा एक्क्याऐंशीचे. चाळीस वर्षं बंदराजवळच्या बहरी भागात त्यांचं मिठाईचं दुकान होतं. दोन वर्षांपासून सगळं विसरत चाललेत. घास गालात ठेवतात आणि गिळायचं विसरतात. दातही घासत नाहीत, घासू देतही नाहीत. परवा डॉ. इरीनींकडे नेलं तर दातखीळ बसल्यासारखे बसून राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खालची कवळी महिनोन्महिने निघालेली दिसत नाही, आत जखम असणार. रोज दोनदा तोंड साफ करा आणि नऊ नोव्हेंबरला आणा. तेव्हाही उघडलं नाही तर हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन उघडावं लागेल आणि यांच्या हृदयाकडे बघता मला ते नको आहे.

माझी बायको सौसन लिफ्टमध्ये रडली. मी रडलो नाही. मी योजना आखली. आजपासून बाबांचं तोंड हे खातं माझ्याकडे. बायकोने त्यात लक्ष घालायचं नाही.

(जाता जाता डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्हीही बसा, बघते." मी म्हणालो, पेशंट मी नाही.)

१३ ऑक्टोबर. सकाळी ९.
बॅटरीवरचा ब्रश आणला. सुरू करताच बाबांनी खुशीत गाल पुढे केला. म्हणाले, "मिशीला हात लावू नकोस हं, उस्ता." दाढी करणारा समजले मला! मी म्हणालो, गाल नाही, तोंड. थोडंसं उघडलं. मी आत पाहिलं.

आत शुक्रवारचा बसबूसा होता, रव्याची पाकातली वडी. आज रविवार आहे. रवा हिरवट झाला होता आणि त्यावर काहीतरी दोऱ्यासारखं लोंबत होतं. मी गॅलरीत पळालो आणि समुद्राकडे तोंड करून वीस मिनिटं उभा राहिलो. उरलेलं काम जेवणानंतर.

दुपारी ३. जेवण गेलं नाही. शिसारीमुळे दोन घास डाव्या बाजूने कसेबसे चावले.

१५ ऑक्टोबर.
तीन मास्क, रबरी हातमोजे, पोहायचा चष्मा. पूर्ण तयारी. बाबा "चोर! चोर!" म्हणून ओरडले. शेजारच्या इन्शिराहबाई लाटणं घेऊन आल्या. मला बघून लाटणं खाली करायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

आज ब्रश नाही. वातावरण अनुकूल नव्हतं.

१७ ऑक्टोबर. दुपारी १२.
मुळावरच घाव घातला! रोग तोंडात नाही, खाण्यात आहे. दिवसभर काही ना काही चघळतात, गालात साठवतात, मग ते कुजतं. खाणंच बंद झालं तर? खरा रमजान केव्हाच होऊन गेला, पण हे बाबांना कुठे आठवणार! बाबांना सांगितलं, "बाबा, रमजान सुरू झालाय." त्यांनी हातातला बसबूसा लगेच बशीत ठेवला. डोळ्यांत पाणी. "अरे देवा, मला कुणी सांगितलंच नाही!" स्वतःचं नाव विसरणारा माणूस, पण रोजा म्हणताच ताठ बसला. सूर्यास्ताच्या अजानपर्यंत तोंडात कण नाही.

सौसन म्हणाली, "आणि हे किती दिवस चालवणार तू?" तिला दूरदृष्टी नाही.

१८ ऑक्टोबर. दुपारी १.
किरकोळ अडचण. बाबा ब्रश घेऊ देत नाहीत. "पेस्टला चव असते. रोजा मोडेल." पाणी? मोडेल. गोळी? मोडेल. पूर्वी तोंड निदान चुकून तरी उघडायचं. आता धर्माने बंद झालंय.

मी म्हणालो, बाबा, रमजान संपला. बाबांनी विचारलं, "चंद्र कुणी पाहिला?" मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. सौसनने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेपर उलटा धरलाय हे मला नंतर कळलं. म्हणाली, गोळ्या आता संध्याकाळी देईन, डॉक्टरांना विचारलंय.

२१ ऑक्टोबर.
बाबांनी माझ्यावर पहारा बसवलाय. सकाळी न्हाणीघरात कडी लावून पाव आणि फूल (इथली वालाची उसळ) खाल्लं. बाहेरून टकटक. "आत काय चघळतोयस? लाज नाही वाटत?" मग गॅलरीतून खाली ही उसळ विकणाऱ्या गाडीवाल्याला ओरडले, "भर रमजानात दुकान मांडतोस? तुझ्या बापाला सांगतो!" तो बिचारा बाबांच्याच वयाचा आहे. शेजारीपाजारी बाबांना आता अदबीने रमजानच्या शुभेच्छा देतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

दिवसभराच्या उपासाने संध्याकाळी थांबवत नाही. अजानच्या आधीच मी कॅफेत जातो आणि पोटभर खातो. इफ्तारचं सौसन बघते. तेवढं तिला जमेल. तिथला माझा जुना मित्र फत्ही हल्ली खुर्ची लांब ओढून बसतो. म्हणतो, वारा लागतो. घरचा वास नाकातून जावा म्हणून मी लवंग चघळत असतो.

२४ ऑक्टोबर.
सौसनने अंथरूण बाबांच्या खोलीत नेलं. योग्यच आहे, त्यांच्याजवळ कुणीतरी हवं. म्हणाली, "तिकडे झोप तरी लागते." वासाला कंटाळली असणार बिचारी. पण गंमत बघा, बाबा त्या टोकाला, मधे दोन दारं बंद, तरी वास माझ्या खोलीत येतो. उशीलासुद्धा! घराच्या भिंतींत मुरलाय. चुना काढायला हवा.

२७ ऑक्टोबर.
बेसिनवर सिवाकची काडी सापडली. मशिदीबाहेर विकतात ती, टोक चावून दात घासायची. सौसनने आणली होती. मी तिला समजावलं, की बॅटरीच्या युगात आपण झाडाच्या मुळ्या चावायच्या नसतात आणि हे खातं माझ्याकडे आहे. म्हणाली, "बरं." हल्ली ती फार बरं म्हणते.

निश्चय: उद्यापासून ब्रश, काहीही झालं तरी.

२८ ऑक्टोबर.
परवापासून.

३ नोव्हेंबर.
बाबा जेवायला लागलेत! काल म्हणे दोन वाट्या मोलोखियाची पालेभाजी संपवली आणि मिठाच्या नावाने खडे फोडले. माझ्या धोरणाला फळ येतंय. पण वास तसूभर कमी नाही. उलट वाढलाय. म्हणजे जखम खोल आहे.

मला भीती वाटते. लिहितोच. भूल दिली आणि ते उठलेच नाहीत तर? लहानपणी दुकानातून येताना त्यांच्या कपड्यांना तुपाचा आणि गुलाबपाण्याचा वास यायचा. मी त्यांच्या पोटात तोंड खुपसून तो घ्यायचो. त्याच माणसाच्या जवळ जायला आता मी तीन मास्क लावतो. माझीच मला किळस आली.

उद्या सकाळी. मास्क नाही, मोजे नाहीत. स्वतःच्या बोटाने.

४ नोव्हेंबर.
जमलं नाही. समुद्राचा वारा लागून माझा उजवा गाल सुजलाय. चहासुद्धा झोंबतो. आजारी माणसाने वृद्धाच्या तोंडात हात घालणं शास्त्राला धरून नाही.

८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
फत्ही म्हणाला, "घरी जा रिफअत, तुझ्या तोंडाकडे बघवत नाही." म्हणून अजानच्या वेळी घरी आलो. दारातच थबकलो.

अजान संपत होती. सौसनने बाबांना खजूर दिला, पाणी दिलं, जेवू घातलं. मग सासऱ्यांना म्हणाली, "अम्मो, अजान झाली. आता उघडा." आणि बाबांनी उघडलं! सरळ, मोठ्ठं. तिने कवळी काढून वाटीत टाकली. बोटाला ओला फडका गुंडाळून गालांच्या आतून फिरवला. काय निघालं ते मी पाहिलं आणि नाक दाबलं. तिला मास्क नव्हता. मग तिने काडी बाबांच्या हातात दिली आणि बाबा वरचे दात स्वतःच घासायला लागले, वर-खाली, दुकान उघडायच्या आधी रोज घासायचे तसे. हात विसरला नव्हता.

मी विचारलं, हे कधीपासून?

"एकोणीस ऑक्टोबरपासून. रमजान लावलास तू. मी फक्त रोजा सुटायची वेळ पकडली." सकाळची एक वेळ राहते म्हणाली, ती काडीवर भागवते, काडीने रोजा मोडत नाही, हे बाबांनीच तिला सांगितलं.

 खूप लाज वाटली. नंतर विचार केला, तर मूळ कल्पना माझीच होती.

९ नोव्हेंबर, शनिवार. रात्रीचं जेवण नाही.
सौसनने फोन करून वेळ सकाळची बदलून पाचची घेतली होती. समोरच्या मशिदीत अजान झाली, बाबांनी खुर्चीत बसून खजूर खाल्ला आणि तोंड उघडलं. डॉ. इरीनींनी कवळी काढली, दिवा फिरवला. जखम होती, भरत आलीय. कवळीची कड घासून देतील. भूल नको, हॉस्पिटल नको. सौसन पुन्हा रडली. या वेळी मीसुद्धा.

"इतकं स्वच्छ! यांचं तोंड कोण घासतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणालो, तसं हे खातं माझ्याकडे आहे. सौसन म्हणाली, "बरं."

मग डॉक्टरीणबाईंनी नाक आक्रसलं. "पण वास कसला येतोय?"

मी म्हणालो, बघा! महिनाभर मी हेच सांगतोय! त्यांनी बाबांचं तोंड पुन्हा हुंगलं. मान हलवली. मग हळूहळू माझ्याकडे वळल्या. सौसन खिडकीबाहेर बघायला लागली. फत्ही, उशी, भिंतीचा चुना, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

बसलो. तोंड उघडेना. मी ओठ न हलवता म्हणालो, आज माझा रोजा आहे.

तेवढ्यात बाबा उठले. काडी हातात. वर्षभर मला उस्ता, चोर, भाडेकरू काय काय म्हणाले होते. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, "उघड, रिफअत. अजान झाली."

उघडलं.

बाबांनी वाकून आत पाहिलं, झटकन नाकाला हात लावला आणि सौसनला विचारलं, "शी शी शी! याला कुणी नाही का गं?"