कॉलरचं बटण

आई,
कान धरायच्या आत तुझ्या पाया पडतो.

बाबांची शेवटची केमो झाली. लिम्फोमाची मानेवरची गाठ आता हाताला लागत नाही. सोमवारी स्कॅन आहे. तू काळजी करू नकोस, मी करतोय तेवढी पुरे.

गाठीमुळे कॉलर आवळायला लागली तेव्हा आपल्या शिंपीबुवांनी, म्हणजे बाबांनी, डॉक्टरकडे जायचं सोडून बटणच सरकवलं होतं, आठवतं? आज ते पुन्हा जागेवर लावलं. केमोने त्यांची बोटं बधिर आहेत, म्हणून सुई मी ओवली. "कॉलेज सोडलंस, निदान दोरा तरी सोडू नकोस!" म्हणाले. एरवी भडकलो असतो.

शेजारची ती माझी चौकशी करते का गं? करत नसेल तर कळवू नकोस.

आणि मशीनवरचं तुझं अर्धवट ब्लाउज दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. बाह्या बाबा येऊन लावणार आहेत.

तुझा,
सध्या शांत असलेला तापट