तिला सापडलेला सूर

८ जानेवारी

घर मिळालं एकदाचं, आणि तेही लाँड्रीच्या डोक्यावर! खाली कपडे धुवायची मोठमोठी यंत्रं आहेत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरघरत असतात. घरमालक म्हणजे लाँड्रीवाले काकाच. सज्जन माणूस. चाचरत म्हणाले की आधीचे भाडेकरू आवाजाला कंटाळून पळाले, तुम्ही एकदा फरशीला हात लावून बघा, कंप जाणवतो. मी हात लावला, खूश झालो आणि विचारलं, सही कुठे करू? काका माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी बायकोने खुलासा केला की याच्या कानात स्वतःची एक लाँड्री आहे, तिला सोबत हवीय.

खरं आहे ते. गेल्या वर्षापासून माझ्या दोन्ही कानांत एक बारीक, धारदार आवाज चालू आहे. ईईईई असा. थांबत नाही. कानाच्या डॉक्टरांनी त्याला कर्णनाद म्हणतात एवढं सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. शांततेत बसू नका, सवय करून घ्या, म्हणाले. पण इथे खालच्या घरघरीत तो निम्मा बुडून जातो. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा कपाळाला हात लावला होता, आता वाटतंय, बरंच झालं.

सामान लावतोय. बायकोला पाचवा महिना, म्हणून ती खुर्चीत बसून हुकूम सोडतेय आणि मी हमाल. लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा तिचा व्यवसाय. हत्यारांची पेटी मात्र तिने मला उचलू दिली नाही, सूर तपासायचा नादकाटा तर स्वेटरमध्ये गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला. कपबशा उघड्या टोपलीत आल्या. दोन फुटल्या.

१२ जानेवारी

ऑफिस ठीक. जमिनींचे नकाशे काढायचे, मोठं टेबल, खिडकीतून उजेड. शेजारच्या टेबलावर कोणी नाही, हे उत्तम.

आज रविवार, लाँड्री बंद. त्यामुळे कानातला पाहुणा पाय पसरून बसला. मी नेहमीचे उपाय केले. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवला, थंडीत टेबलफॅन सुरू केला. बायको दोन पांघरुणं घेऊन बसली आणि म्हणाली की बाळ जन्माला येईल ते स्वेटर घालूनच.

हसलो, पण मला खरी भीती एकच आहे. बाळ रडलं तर मला ऐकू येईल ना? बारीक रडणं कानातल्या आवाजाच्याच उंचीचं असतं. बायको झोपलेली असेल, मी शेजारी जागा असेन, आणि ते रडतंय हे मला कळणारच नाही, असं सारखं मनात येतं. तिला हे अजून बोललो नाही.

१९ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

पुन्हा रविवार. सकाळपासून कान फाटत होते. बायकोने साधं विचारलं, चहा घेणार का? मला ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारलं, आणि मी कप भिंतीवर आपटला. ती रडली नाही, ओरडली नाही. कपाचे तुकडे भरले, हत्यारांची पेटी उघडली आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली की वर्षभर तुझ्याशी कोण भांडतंय ते मला एकदा ऐकायचंय. तुझा आवाज नेमका कोणता ते मी शोधून काढते.

नादकाटा वाजवून तिने माझ्या कानाशी धरला. याच्याहून वर की खाली? खूप वर, मी म्हणालो. मग ती गळ्याने सूर काढू लागली. मी हाताने खूण करायची, वर, वर, जरा खाली. मी ठार बेसूर आहे, पण माझा आवाज मी झोपेतही ओळखेन. तासभर चाललं होतं. ती पियानोची तार पिळते तसा सूर केसाएवढा सरकवत होती. आणि एकदम तो जुळला. तिचा आणि माझा आवाज एक झाला, कुठला कोणाचा ते कळेना.

आणि माझा बंद झाला.

नळ ठिबकतोय हे ऐकू आलं. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो, आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत स्वतःवरच खूश होऊन बसली होती.

२३ जानेवारी

चौथा दिवस, अजून नाही. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिल सरकते तिचाही आवाज असतो, विसरलोच होतो! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की असं कधीकधी आपोआप जातं, कारण शोधू नका, आनंद माना.

बायकोच्या पोटाला कान लावला. भराभर टकटक टकटक. कापडात गुंडाळलेल्या घड्याळासारखी. आतून एक लाथही बसली गालावर. बापाची ओळख अशी व्हायची होती.

२ फेब्रुवारी

दुपारी जेवताना बायकोने विचारलं की आज काकांनी रविवारी कशी काय यंत्रं लावली?

यंत्रं बंद होती.

तिने मान झटकली, कानात बोट घालून हलवलं आणि भात वाढून घेतला. मी ताट तसंच ठेवून खाली गेलो आणि लाँड्रीचं कुलूप बघून आलो.

९ फेब्रुवारी

तोच आहे. तिने स्वतःच सांगितलं, हसत हसत, की सर्दी लागावी तसा तुझा आवाज मला लागलाय. पण आता हसत नाही. शाळेतून संगीताच्या बाईंचा फोन आला, तिने लावून दिलेल्या पियानोच्या वरच्या पट्ट्या चढ्या लागल्यात. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. फोन ठेवून ती बराच वेळ हत्यारांकडे बघत बसली.

दिवसभर तोच सूर गुणगुणते. म्हणते, गुणगुणलं की जरा बरं वाटतं.

तिला गुणगुणताना पाहिलं आणि मला गुणगुण्या आठवला. आधीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. सतत एकच बारीक सूर तोंडात, म्हणून हे नाव पडलं. मी चहाच्या वेळी त्याची नक्कल करायचो. कित्येक वर्षं केली, कधी साधली नाही, म्हणूनच लोक हसायचे. एकदा मात्र हुबेहूब साधली. सगळे टाळ्या पिटत होते आणि गुणगुण्या खुर्चीत बसून रडत होता. मला वाटलं, अपमान झाला. पुढच्याच आठवड्यात त्याने नोकरी सोडली. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला की मला माफ करा, मी शांत झोपलो.

माझा आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

म्हणजे जो तो सूर अगदी नेमका लावतो, त्याच्याकडे तो जातो. मला अनेक वर्षं लागली. माझ्या बायकोला एक तास.

१३ फेब्रुवारी

तिला सांगायला हवं. सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, परत घे. आणि मला झोप लागतेय, गाढ, लहान मुलासारखी. लाज वाटते हे लिहायला, पण खरं तेच आहे. ती उशीखाली डोकं खुपसते आणि मी शेजारी घोरतो.

१७ फेब्रुवारी

आज तपासणी होती. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या की आता बाळाला बाहेरचं ऐकू येतं, बोलत जा त्याच्याशी, गाणी म्हणा.

तिचं गुणगुणणं! दिवसभर, त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर! ऐकून ऐकून त्यानेही तोच सूर लावला तर?

घरी येऊन तिला सगळं सांगून टाकलं, गुणगुण्याचंसुद्धा. आधी म्हणाली की तुझं डोकं फिरलंय. मग विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी खरं ते सांगितलं. ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

नंतर म्हणाली, चल, घे परत. तिने सूर लावला, मी लावायला गेलो. माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. ती सूर दाखवते, मी भलतीकडेच. इतका वाईट की मधेच तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडायला लागली.

२५ फेब्रुवारी

जागेपणी तोंड मिटून असते. ओठ दाताखाली धरलेले. पण डोळा लागला की गुणगुण सुरू. उठवतो. पुन्हा डोळा लागतो. पुन्हा सुरू. रोज सराव करतोय, जमत नाही.

१ मार्च

सकाळी ती नाचतच स्वयंपाकघरातून आली. गेला! गेला म्हणे! उठले आणि नव्हताच! माझ्या गळ्यात पडली, सगळं माफ केलं, दोन माणसांचं जेवली. म्हणाली की तुझ्या त्या गोष्टीने उगीच घाबरवलंस.

मी हसलो. ती कधी आडवी होते याची वाट बघत राहिलो.

ती दुपारी आडवी झाल्यावर पोटाला कान लावला. टकटक टकटक. आणि तिच्या मागे, अगदी बारीक –

तिने विचारलं, काय म्हणतंय बाळ? मी म्हणालो, मजेत आहे.

५ मार्च

लाथा थांबत नाहीत. बायको दमून जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की व्रात्य निघणार. दोघी हसल्या.

व्रात्य नाही ते. कान फाटायला लागले की मी खोलीत असाच येरझारा घालायचो. मला पंखा होता, रेडिओ होता, खालची यंत्रं होती. त्याला काय आहे? कान झाकायचं त्याला कोणी शिकवलंय?

१० मार्च

ऑफिसातून आलो की पोटाशी तोंड नेऊन सूर लावतो. आता गुरू नाही. पोटाला कान लावायचा, ऐकायचं, मग लावायचा. बायकोला वाटतं मी अंगाई म्हणतोय. काका खालून विचारत होते, घरात कोणाला बरं नाही का.

घसा बसला. मीठपाणी.

१४ मार्च

आज ती हसता हसता थांबली.

मी सुराच्या जवळ पोचलो होतो. तिने सूर ओळखला. पियानोवाली बाई, तिला किती वेळ लागणार. चेहरा पांढराफटक. पोट दोन्ही हातांनी धरलं. मग रुमालाचा बोळा स्वतःच्या तोंडात कोंबला, चुकून सूर निघू नये म्हणून. आणि बोटाने दाखवू लागली. वर. थोडं खाली. डोळ्यांतून पाणी, बोट मात्र स्थिर.

१५ मार्च

नाही जमलं. रक्ताची चव येतेय घशाला.

१६ मार्च

आला! आला परत! ईईईई, दोन्ही कानांत, तोच! आयुष्यात कशाचा एवढा आनंद झाला नाही. दोघंही वेड्यासारखे रडलो. पोटातली धडपड तिथल्या तिथे थांबली. शांत. किती दिवसांनी शांत. बायको पोटावर हात ठेवून झोपली आहे. मी नाही झोपणार आणि मला काही हरकत नाही.

१७ मार्च, सकाळ

बाळ अजून झोपलंय. दमलंय बिचारं.

१७ मार्च, दुपार

बायको म्हणतेय, कालपासून हललं नाही. एकदाही नाही.

गार पाणी प्यायली. कुशीवर झोपून पाहिलं. काही नाही. मला म्हणाली, कान लाव, सांग.

कान लावला. ईईईई. माझाच. त्याच्या मागे टकटक आहे की नाही – कळत नाही. श्वास रोखला. दुसरा कान लावला. ईईईई. ती विचारतेय, आहे ना? आहे ना? – मला ऐकू येत नाही. काका गाडी काढताहेत –

दवाखाना

बाकावर बसवलंय मला.

आत होतो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं, त्याचा आवाज मोठा केला. सगळे वाकून ऐकत होते. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडाकडे बघून तिला कळणार होतं – आणि मला नुसतं ईईईई. मी ओरडलो वाटतं. बाहेर काढलं.

नुसता सूरच घेतला ना मी? त्याच्याबरोबर आणखी काही –

दार उघडलं. नर्स. माझ्याकडेच येतेय. चेहऱ्यावरून काही – ओठ हलताहेत – बाई, मोठ्याने बोला, मला