डाव्या स्पीकरचा दगा

४ फेब्रुवारी, रविवार

स्पीकर घरी आले. कमरेइतके उंच, अक्रोडी रंग. दुकानदाराने बऱ्याच जोड्या ऐकवल्या. लोक स्पीकर डोळ्यांनी घेतात, मी कानांनी घेतो. ऑफिसात मला कानसेन म्हणतात ते उगाच नाही. (बायको म्हणते, चेष्टेने म्हणतात. ती कधी आली आहे माझ्या ऑफिसात?)

योजना: १० एप्रिलला मुलीचा वाढदिवस. त्या संध्याकाळी आम्ही तिघं सोफ्यावर आणि समोर परफेक्ट सिस्टीम. लहानपणी ती टेपरेकॉर्डरपुढे माझ्या मांडीवर बसायची, कॅसेट संपली की भोकाड पसरायची. आता कानांत बोंडं घालून आपल्या खोलीत. तिला तिथून बाहेर काढून पुन्हा शेजारी बसवायचं, त्यासाठी हा खटाटोप. सरप्राइज आहे. कुणाला अवाक्षर सांगायचं नाही.

संकल्प: खरेदी संपली. यापुढे वायरचा तुकडासुद्धा नाही.

६ फेब्रुवारी

दगा. डावा स्पीकर कमी वाजतो. गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध उभी असल्यासारखी वाटायला हवी, ती जाऊन उजवीकडच्या कपाटाला टेकते. दुकानात ठीक होतं. म्हणजे ऐकवायला एक माल आणि घरी पाठवायला दुसरा.

मुलगी शेजारी येऊन बसली, काहीतरी पुटपुटली. हल्लीच्या मुलांना तोंड उघडून बोलायला नको. मी म्हटलं, थांब, आधी हे निस्तरतो.

८ फेब्रुवारी

विमा कंपनीत दावे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. खोटा दावा मला वासावरून कळतो. जोडी गाडीत घालून दुकानात नेली. दुकानदाराने दोन्ही लावले आणि म्हणाला, साहेब, हे जुळे भाऊ आहेत, काडीचा फरक नाही. मला तिथेही डावाच कमी ऐकू आला. त्याच्याच दुकानात, त्याच्याच डोळ्यांदेखत चोरी पकडली, तरी गडी मान्य करेना. शेवटी आवाज चढवला तेव्हा जोडी बदलून दिली.

घरी येऊन लावली. या जोडीतलाही डावा कमी. एकाच फॅक्टरीची पिलावळ.

११ फेब्रुवारी, रविवार

शास्त्रीय चाचणी घेतली. डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. निकाल थक्क करणारा. बिघडलेला उजवीकडे जाताच सुधारला आणि चांगला होता तो डावीकडे गेल्या गेल्या बिघडला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

निष्कर्ष: स्पीकर निर्दोष. दोषी अ‍ॅम्प्लिफायर. (दुकानदाराची माफी मागावी का? नको. हे लोक डोक्यावर बसतात.)

अ‍ॅम्प्लिफायर मेहुण्याने भेट दिलेला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याला फोन. म्हणाला, भाऊजी, स्पीकर आठ ओहमचे, अ‍ॅम्प्लिफायर आठ ओहमला चालणारा, आणि तुमच्या एवढ्याशा खोलीला पन्नास वॉट म्हणजे डोक्यावरून पाणी. जोडी मस्त जुळलीय. मी म्हटलं, कागदावर सगळ्याच जोड्या जुळतात. त्याने विचारलं, हे ताईबद्दल बोलताय का. मी फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी

नवीन अ‍ॅम्प्लिफायर. दुप्पट ताकदीचा. संकल्पात वायरचा उल्लेख होता, अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हता.

संध्याकाळी लावला. डावी बाजू कमी. उजवी अशी गरजली की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. काठीसुद्धा मला उजवीकडूनच ऐकू आली. म्हणजे आता वायर बदलायलाच हवी. संकल्पाला एक अपवाद.

२१ फेब्रुवारी

नवी वायर लावली. तांब्याची, करंगळीएवढी जाड. काडीचा उपयोग नाही. बायको म्हणाली, अहो, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून या ना. माझे कान! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, माझ्या वडिलांना म्हातारपणीही शेजारच्यांचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू यायचं, आमच्या रक्तात कान आहेत. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

चिडून मोजपट्टी आणली. आणि अंगण खरंच वाकडं निघालं! उजवीकडे कपाट, डावीकडे खिडकी. आवाज डावीकडून बाहेर पळून जातो. इतके दिवस शत्रू भिंतीत दडून बसला होता आणि मी बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर आळ घेत होतो. (मेहुण्याला हे कळवायची गरज नाही.)

खिडकीला जाड पडदा, त्यावर चादर, त्यावर रजई. बायको म्हणाली, आता भरदिवसा दिवे लावून बसायचं का. हे मात्र नीट ऐकू आलं, कारण ती समोर उभी राहून ओरडली. एरवी घरात सगळे पुटपुटतात. जेवताना मुलगी माझ्या डावीकडे बसते आणि ताटाशी बोलल्यासारखं काहीतरी बोलत राहते. मी हं म्हणतो. मुलांचं मन राखावं.

३ मार्च, रविवार

सबवूफर आणला. स्पीकरला न पेलणारा खालचा घुमारा हा एकटा डबा काढतो. डावीकडचा तोटा याने भरून निघेल. याची जागा ठरवायची एक पद्धत आहे, ती सोम्यागोम्याला ठाऊक नसते. डबा सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे घुमारा उत्तम लागेल तिथे डबा बसवायचा.

डबा सोफ्यावर, मी गुडघ्यांवर. तेवढ्यात बायकोची मैत्रीण आली. मला कपाटाखाली डोकं घातलेलं बघून म्हणाली, काही हरवलंय का. बायको म्हणाली, हो, बरंच काही.

नंतर मुलगी येऊन माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. बराच वेळ बोलत होती. ठेका असा धरला होता की माझी मान आपोआप डोलत होती. शेवटी तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि उड्या मारत आत गेली. म्हणजे घुमारा तिलाही आवडला! योजना योग्य मार्गावर आहे.

८ मार्च

सबवूफरचं आणि स्पीकरचं पटत नाही. स्पीकरने कुठे थांबायचं आणि डब्याने कुठून सुरू करायचं, यासाठी एक बटण असतं. खाली फिरवलं की गाणारी बाई पोकळ होते, वर फिरवलं की पुरुष होते.

आज शेवटचा उपाय. दोन्ही बाजूंचा आवाज कमीजास्त करणारं बॅलन्सचं बटण बरंच डावीकडे फिरवलं. गाणारी बाई मधोमध आली! जवळजवळ. बायको म्हणाली, डावीकडून कान फुटतायत. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

मायलेकी आत सामान, सामान असं काहीतरी बोलत होत्या. माझ्या खरेदीवर टोमणा असणार. कानाडोळा केला.

१९ मार्च

सबवूफरखाली ठेवायला रबरी पाय हवे होते म्हणून दुकानात गेलो. दुकानदार पाय गुंडाळता गुंडाळता म्हणाला, साहेब, आता घर कसं शांत शांत होणार, लेक चालली ना नोकरीला. मी विचारलं, कुणाची लेक. त्याने रबरी पाय खाली ठेवले. म्हणाला, वहिनी परवा आल्या होत्या तेव्हा बोलल्या, म्हणून म्हटलं. आणि शहराचं नाव सांगितलं. बसने अख्खा दिवस लागतो तिथे पोचायला.

स्पीकर विकणाऱ्याला माहीत. बापाला नाही.

तसाच घरी. मुलीच्या पलंगावर उघडी बॅग, कपड्यांच्या घड्या. रविवारी निघणार. मी विचारलं, कुणाला विचारून. ती म्हणाली, बाबा, तुम्हालाच विचारून. पहिल्यांदा म्हणालात, आधी हे निस्तरतो. मग जेवताना रोज सांगत होते, तुम्ही हं म्हणत होतात. आणि त्या रविवारी जमिनीवर बसून सगळं सांगितलं, तेव्हा तर तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. किती आनंद झाला होता मला.

बायको म्हणाली, मी पण तुमच्या कानावर घातलं होतं. तिथली खोलीही मेहुण्यानेच शोधून दिली, असं कळलं. सगळ्यांनी मिळून केसाने गळा कापला. परकी माणसं फसवतात त्याचं मला काही वाटत नाही, माझा पगारच त्याचा आहे. ही माझी माणसं.

वाढदिवसाचा बेत तिला सांगितला नाही. आता सांगून काय.

२४ मार्च, रविवार

बसस्टँड. मेहुणा बॅगा चढवण्यात पुढे पुढे. मी अबोला धरला होता, आणि तो शेवटपर्यंत टिकवायचं ठरवलं होतं. बस सुटायच्या आधी मुलगी माझ्या गळ्यात पडली. डाव्या खांद्यावर डोकं ठेवून कानाशी काहीतरी म्हणाली. बरंच काही. इंजिनाची घरघर, कंडक्टरचा आरडाओरडा. मी म्हटलं, हो हो, सांभाळून जा. ती दूर होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चढली.

सिस्टीम लावली नाही. सगळ्यांवर रागावलो आहे.

२६ मार्च

मुलीचा फोन. चहाचा कप उजव्या हातात म्हणून फोन डाव्या कानाला. आवाजच नाही. भिकार नेटवर्क. बायकोच्या फोनवरून लावला. तेच. बायकोने फोन हिसकावला आणि माझ्या उजव्या कानाला लावला. खणखणीत आवाज: बाबा, येतंय का ऐकू?

पुन्हा डाव्या कानाला लावला. काही नाही. उजव्या. येतंय.

स्पीकर बदलले, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, वायर बदलली, खिडकीला रजई पांघरली. सगळ्यांची अदलाबदल केली. सोफ्यावर एकदा उलट्या तोंडाने बसलो असतो तरी कळलं असतं. तेवढं सोडून सगळं केलं.

बायकोने गार झालेला चहा उचलून आत नेला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च

कानाचा डॉक्टर. नळीतून बघितलं, पिचकारी मारली. मळ. वाटाण्याएवढा, काळाकुट्ट. मला वाटलं होतं, निदान एखादा दुर्मिळ आजार तरी निघेल. डॉक्टरने विचारलं, कानात कापसाच्या काड्या घालता का. मी म्हटलं, क्वचित. बायको म्हणाली, रोज आंघोळ झाल्यावर. डॉक्टर म्हणाला, तुम्हीच ढकलत ढकलत आत ठासलात.

म्हणजे दगा कानाने केला. माझ्या स्वतःच्या. ज्याची एवढी निगा राखली त्याने.

रस्त्यावर आलो तर दोन्हीकडून जग अंगावर आलं. बायको डावीकडून चालत होती. तिच्या चपलेचा पट्टा उसवलाय, पावलागणिक फटफट वाजतो. मी म्हटलं, हे कधीपासून. ती म्हणाली, तीच तर शिवून आणा म्हणून किती दिवस सांगतेय.

३१ मार्च, रविवार

सिस्टीम लावली. डावीकडून असा भडिमार झाला की मीच उठून पळालो. घरच्यांनी हे एवढे दिवस सोसलं.

रजई काढली, पडदा काढला. बॅलन्स मध्यावर. सबवूफर दुकानदाराने अर्ध्या किमतीत परत घेतला, वर म्हणाला, साहेब, कान एकदम टकाटक दिसतायत. मेहुण्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून काढून जोडला. गाणारी बाई मुकाट्याने मधोमध येऊन उभी राहिली. मेहुण्याला फोन करून कबूल केलं. तो म्हणाला, भाऊजी, आता ताईबद्दल काय म्हणणं आहे.

१० एप्रिल

वाढदिवस. संध्याकाळी मी आणि बायको सोफ्यावर. सिस्टीम परफेक्ट. गाणं संपलं तरी दोघंही उठलो नाही.

मुलीला फोन केला. ऑफिसातल्यांनी तिच्यासाठी केक आणला होता, मागे गलका चालला होता. मी आजचा बेत सांगून टाकला. तिघं, सोफा, सगळं. ती म्हणाली, आधी सांगायचं ना बाबा. मी म्हटलं, सरप्राइज होतं. मग विचारलं, बसस्टँडवर माझ्या कानात काय म्हणालीस? ती म्हणाली, बोलले की तेव्हाच. मी म्हटलं, तेव्हा तो कान बंद होता, आता सांग, आता दोन्ही कानांनी ऐकू येतं. ती म्हणाली, असं पुन्हा नाही सांगता येत, बाबा. तिला कुणीतरी हाक मारली, फोन ठेवावा लागला.

बायकोला विचारलं, तुला माहीत आहे का ती काय म्हणाली ते. ती म्हणाली, मी तुमच्या उजव्या बाजूला उभी होते, मला कसं ऐकू येणार.