लाल गुणिले पांढरं

४ जानेवारी
प्रिन्सिपल म्हणाले, वर्षभरात काहीतरी करून दाखवा, नाहीतर बॉटनीचं प्रमुखपद ज्युनियर मॅडमना. बावीस वर्षं मी काय गवत उपटतोय? दाखवतोच. लाल स्नॅपड्रॅगन, पांढरा स्नॅपड्रॅगन, दोघांचा संकर. सगळी रोपं गुलाबी. पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय, डोळ्यांनी कुणी पाहिलंय?

५ जानेवारी, सकाळी ७
चांगलं टपोरं, पूर्ण उमललेलं लाल फूल निवडलं. गाल दाबले की जबडा उघडतो. आतले चारही पुंकेसर चिमट्याने काढले, पांढऱ्याचे पराग लावले, वर कागदी पिशवी. आता भुंग्याची काय टाप आहे! ज्युनियर मॅडम म्हणाल्या, सर, कळी घ्यायला हवी होती ना? मी हसलो. अनुभव नाही बिचारीला.

१० मार्च
बोंडं वाळली. हुबेहूब चिमुकल्या कवट्या. बी खसखशीपेक्षा बारीक. शिंक आली. अर्धं बी गेलं. उरलंय ते पुरे.

२ एप्रिल
काही उगवत नाही. बोटभर माती घातली होती, मायेने. लॅबच्या मावशी म्हणाल्या, ह्याला उजेड लागतो, वर माती नको. तेच म्हणत होतो मी. उरलेलं पुन्हा पेरलं.

२५ एप्रिल
अठरा रोपं! प्रिन्सिपलना सांगून टाकलं, जुलैत गुलाबी ताटवा. त्यांनी समितीच बोलावली.

८ जुलै
पहिलं फूल लाल. अपवाद.

११ जुलै
नऊ अपवाद.

१३ जुलै
सतरा लाल. पण अठरावं गुलाबी! शिवाय कालपेक्षा वीतभर उंच. ह्याला म्हणतात संकराचा जोम. सगळ्या स्टाफला चहा पाजला.

१५ जुलै, दुपारी
समितीसमोर गुलाबी कुंडी उचलली. बुडाला नर्सरीचं स्टिकर. मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, सरांचं तोंड बघवेना, म्हणून अठराव्या कुंडीच्या जागी मीच आणून ठेवली. मग समितीने विचारलं, बाकीची लाल का? मी खोकलो. मॅडम म्हणाल्या, फूल पूर्ण उमलेपर्यंत त्याचे पराग त्याच्यावरच पडलेले असतात. सरांनी केसर काढले तोवर आत लग्न लागून गेलं होतं. समिती खो खो हसली. मावशीसुद्धा. लाज वाटली. फार वाटली.

संध्याकाळी ७
बायकोला सांगितलं, संशोधनासाठी प्रमुखपद मीच नाकारलं. ती म्हणाली, बरं केलंत. तुम्ही यायच्या आधीच नव्या प्रमुखबाईंचा फोन येऊन गेला. उद्या आठला लॅबमध्ये बोलावलंय. कळी कशी उघडायची ते दाखवणार आहेत. चिमटा आपला आपण आणायचाय.