आखूड बाक

ता. ९, मंगळवार

प्रिय धाकल्यास,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी त्याहून जास्त. तिनेच पेन हातात दिलं आणि म्हणाली, लिहून झाल्याशिवाय चहा नाही. म्हणून लिहितोय. अक्षर लावून वाच.

तू गेल्यापासून दुकान ठीक चाललंय. ठीक म्हणजे लांब फळी रंधायला घेतली की दुसरं टोक धरायला कोणी नाही. दोन माणसं ठेवून पाहिली. दोघंही पळाली. मी ओरडतो म्हणे.

आता बाकांचं. चर्चमधले ते सहा बाक, पाय एक इंच आखूड झालेले, त्यांची गंमत ऐक. पाळकसाहेब ते बदलून घेणार होते, पण म्हाताऱ्या हलवू देईनात. बसल्यावर म्हाताऱ्यांचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकतात. दर रविवारी त्याच बाकांसाठी धक्काबुक्की, तीही प्रार्थनेच्या आधी. आता मागच्या ओळीसाठी तसेच आणखी सहा हवेत.

वहिनी डोकावून गेली. म्हणाली, बाकांचं पुरे, मुद्द्याचं लिहा.

बरं. माझ्या टेपचा पहिला इंच तुटलेला, तुला माहीत आहे. मी एकच्या रेघेपासून मोजतो आणि शेवटी एक मिळवतो. त्या दिवशी मिळवायचा राहिला. नमुन्याचा पाय मीच कापला. तू म्हणालास, दादा, हा आखूड वाटतो. मी म्हणालो, तोंड बंद ठेव आणि याच्यावरून बाकीचे काप. तू कापलेस. मग बाक मांडल्यावर सगळ्या मंडळीसमोर मी तुला म्हणालो ते आठवतंय. हातात करवत आहे की आंधळ्याची काठी. तू करवत खाली ठेवलीस आणि गेलास.

त्याच संध्याकाळी तो नमुना उचलला तर त्यावर माझ्याच पेन्सिलीची खूण. म्हणजे मला आठ महिने माहीत आहे. आठ महिने मी प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही पुढे गेलो नाही; भावाशी वाकडं असताना ती घेऊ नये. विचारलं की गुडघे पुढे करायचो.

गेल्या रविवारी पाळकसाहेब जिभेवर बोलले. घरच्या माणसाशी आपण जसं बोलतो तसं पाहुण्याशी बोलायची हिंमत होईल का, असं विचारलं. एरवी मला अशा वेळी डुलकी लागते. त्या दिवशी लागली नाही. भक्ती संपता संपता मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. टेप, नमुना, तुला बोललो ते. मग पुढच्या बाकावरच्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "सुतारबाबा, या बाकासाठी मी दर रविवारी धाकट्याला आशीर्वाद देत होते. त्यातला एकही तुम्हाला मिळणार नाही."

सगळं चर्च हसलं. मीही. इतकं मोकळं हसून किती दिवस झाले कोण जाणे.

तेव्हापासून नीट बोलायची सवय करतोय. काल एका गिऱ्हाइकाला जरा बसता का म्हणालो, तर त्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

पाळकसाहेब म्हणाले, आता प्रभुभोजनाला या. मी म्हणालो, नाही. लोकांसमोर कबूल केलं, पण ज्याला बोललो तो तिथे नव्हता.

तर आता तुला. चूक माझी होती. ती लपवली, तीही मीच. सगळ्यांसमोर तुला मान खाली घालायला लावली. मला माफ कर. हे वाक्य लिहायला दोन कागद फाडले.

नवे सहा बाक मी एकटा करणार नाही असं सांगून आलोय. तू नाही म्हणालास तर ते दुसऱ्या सुताराला जातील. जाऊ देत. पण बाक नको असले तरी ये. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, नऊ वाजता. मी दारात उभा राहीन. तू आलास तर आपण दोघं पुढे जाऊ. नाही आलास तर पुढच्या वेळी पुन्हा उभा राहीन, गुडघ्यांना काय व्हायचं ते होवो.

तुझ्या बायकोला, आपल्या धाकट्या सूनबाईला, माझा सलाम सांग. तिलाही मी कधी नीट हाक मारली नाही.

यापुढे तुझं आधी ऐकून घेणारा,
दादा