थोरला, धाकटा आणि माझ्याविरुद्धचा कट

७ ऑक्टोबर, सोमवार
साहेबांनी काम दिलं. आफ्रिकेतले दोन शेजारी देश, त्यांच्या सरकारांचा उपभोग खर्च, गेल्या वीस वर्षांची तुलना. पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर मांडायची. उपभोग खर्च म्हणजे पगार, औषधं, कागद, डिझेल असला रोजचा खर्च. रस्ते आणि धरणं त्यात येत नाहीत. विभागप्रमुखाची केबिन रिकामी आहे. हे काम नीट करेल तो तिथे बसेल, असं साहेब म्हणाले नाहीत, पण बोलताना केबिनकडे पाहिलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बरोबर घ्या म्हणाले. घेणार नाही.

देशांची नावं इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. एक थोरला, एक धाकटा. बस.

८ ऑक्टोबर, मंगळवार
आकडे उतरवून घेतले. प्रत्येक देशाच्या दोन फाइली मिळतात. एक त्या त्या वर्षीच्या किमतींची, दुसरी महागाई वजा केलेली. चारही फाइलींची नावं बदलली. आत देशाचं नाव होतं तेही पुसलं. आता बाईंनी माझा कॉम्प्युटर उघडला तरी त्यांच्या हाती काही लागणार नाही. कामाच्या दोन ठेवल्या, बाकीच्या दोन उडवल्या. इतकी सावधगिरी या ऑफिसात दुसऱ्या कोणाला जमेल?

संध्याकाळी बाईंनी चहा विचारला. आजच का? घेतला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार
शोध लागला. ज्या वर्षी थोरल्याने खर्चात उडी मारली, नेमक्या त्याच वर्षी धाकट्यानेही. थोरल्याने हात आखडला की धाकट्याचाही आखडतो. फक्त धाकट्याची उडी जरा बेताची. वीस वर्षांत एकदाही चुकामूक नाही. दोन सरकारं, दोन अर्थमंत्री, आणि खर्च एकाच तालात? धाकटा सरळसरळ थोरल्याचं बघून लिहितोय. शाळेत माझ्या मागच्या बाकावरचा असाच लिहायचा आणि पकडलं जाऊ नये म्हणून मुद्दाम दोन-चार मार्क कमीच घ्यायचा.

बायकोला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मी केबिनमध्ये. तिने लगेच बहिणीला कळवलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
प्रिंटरपाशी गेलो तर तिथे बाई. माझा आलेख हातात, डोळे बारीक. ओढून घेतला. म्हणाल्या, एक शंका आहे, दोन मिनिटं बसूया का. म्हटलं, शंका आपापल्या टेबलावर घ्यावी. तडक साहेबांकडे जाऊन टेबल बदलून मागितलं. साहेब हसले. त्यांचाही यात हात आहे का ते बघायला हवं.

ठराव: ऑफिसात कोणाशी कामाचं बोलायचं नाही. दुपारी शिपायाशी अर्धा तास बोललो, पण ते पंख्याबद्दल होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार
बायको फोनवर. मला पाहून आवाज खाली. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, तुमच्या ऑफिसातल्या बाई होत्या, मंगळवारच्या आत दोन्ही फाइली एकदा नीट बघा म्हणतायत, बिचाऱ्या तिसऱ्यांदा सांगतायत. मी विचारलं, त्यांनी तुला काय कबूल केलंय? ती आत निघून गेली. म्हणजे घरही फितूर झालं.

वही आता गादीखाली.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आरशासमोर तालीम केली. शेवटचं वाक्य ठरलं: हा योगायोग नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळ
'हा योगायोग नाही' इथपर्यंत उत्तम गेलं. मग साहेबांनी विचारलं, धाकटा म्हणजे नक्की कुठला देश? सांगावं लागलं. साहेब म्हणाले, तिथे मधली चार वर्षं लढाई चालली होती, सरकारी खर्चाचा पार बट्ट्याबोळ झाला होता, आलेखात त्याचा मागमूस कसा नाही? मी म्हटलं, तेही लपवलंय.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई मान खाली घालून, अगदी हळू म्हणाल्या की या दोन्ही रेषा थोरल्याच्याच आहेत. एक महागाईसकट, एक महागाई वजा करून. धाकट्याच्या दोन्ही फाइली चुकून उडवल्या गेल्या असाव्यात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, अख्ख्या जगावर संशय घेतलात, तेवढी स्वतःची फाइल राहिली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
केबिन बाईंना मिळाली. दुरुस्त अहवालही आला. त्यावर माझं नाव पहिलं. का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, मेहनत तुमचीच, मी फक्त दुसरा देश घातला.

अहवाल पान न पान वाचला. साहेबांना आडून विचारलं. शिपायाला विचारलं. बायकोची तर उलटतपासणीच घेतली. कुठेच काही नाही. इतके दिवस माझ्याविरुद्ध कोणीच काही करत नव्हतं. जे झालं ते मी एकट्याने केलं.

कट असता तर निदान तक्रार तरी करता आली असती.